मध्ययुगीन फ्रेंच बिशपाविषयी लिहिताना या चुका टाळा : बोव्हेच्या फिलिपचे उदाहरण

मध्ययुगीन फ्रान्सविषयी मराठीत लिहू लागले की फिलिप द द्रो हा माणूस लवकर भेटतो आणि तितक्याच लवकर फसवतो. तो राजा सहावा लुई याचा नातू, म्हणजे राजा दुसरा फिलिप ऊर्फ फिलिप ऑगस्टस याचा सख्खा चुलतभाऊ होता. ११७५ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडील बोव्हे येथील बिशपपदासाठी त्याची निवड झाली, तेव्हा तो जेमतेम विशीच्या आसपास होता आणि १२१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती गादी त्याच्याकडेच राहिली. मधल्या बेचाळीस वर्षांत त्याने वेढे घातले, कैद भोगली, एक लग्न लावले आणि एका लढाईत शत्रूचा सेनानी घोड्यावरून खाली पाडला. त्याच्यावरच्या मराठी टिपणांत ज्या चुका वारंवार आढळतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते. त्याच्याविषयीची एखादी गोष्ट घराण्याकडून आलेली आहे की गादीकडून, हा प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेला नसतो.

नावांपासून सुरुवात करू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ‘द्रो’ हे आडनाव नव्हे. ते पॅरिसच्या पश्चिमेकडील एका गावाचे नाव आहे आणि ती जहागीर त्याच्या वडिलांकडे, म्हणजे पहिल्या रॉबर्टकडे होती. आपल्याकडच्या रीतीने सांगायचे तर तो ‘द्रोकर’. त्यामुळे ‘द्रो याने बोव्हे येथे राज्य केले’ असे वाक्य ‘पुणेकर याने साताऱ्यात राज्य केले’ इतकेच अवघडलेले वाटते. लेखात त्याला सरळ फिलिप म्हणावे आणि राजाचा उल्लेख येताच ‘राजा फिलिप’ असे स्पष्ट लिहावे. दुसरा सापळा खास देवनागरीतला आहे. बोव्हे हे त्याचे धर्मपीठ आणि बुव्हीन हे लीलजवळचे रणक्षेत्र. ही दोन नावे आपल्या लिपीत इतकी जवळ येतात की मी स्वतः एका टिपणात ‘बोव्हेची लढाई’ असे लिहून मोकळा झालो होतो आणि ते तीन वाचनांतही माझ्या लक्षात आले नव्हते. पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या दोन शहरांची नावे इंग्रजीवरून उचलू नयेत. ‘एकरचा वेढा’ वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शेत येते आणि ‘टायरमधील खून’ वाचताना चाक. मराठी बायबलात दुसऱ्या शहरासाठी ‘सोर’ हे नाव रुळलेले आहेच. पहिल्याला ‘अक्को’ म्हणावे.

आता सर्वांत मोठी चूक. ‘फिलिपला वडिलांकडून बोव्हेची जहागीर मिळाली आणि पुढे तो बिशप झाला’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. बोव्हेचा बिशप हा पदसिद्ध काउंट (प्रदेशाचा सत्ताधारी उमराव) असे, म्हणजे शहराची सत्ता गादीला चिकटलेली होती. फ्रान्सच्या ज्या सहा धर्माधिकाऱ्यांना राज्याचे ‘पीअर’, म्हणजे सर्वोच्च मानकरी, मानले जाई, त्यांत रँसचा आर्चबिशप आणि लां, लांग्र, बोव्हे, शालों व नुआयों येथील बिशप होते. द्रोची वडिलार्जित जहागीर थोरला भाऊ दुसरा रॉबर्ट याच्याकडे गेली. धाकट्यांनी धर्मपीठाकडे जावे हा उमरावांच्या घरांतला रिवाज होता आणि फिलिपचा भाऊ हेन्री हा ओर्लेआंचा बिशप झाला तोही त्याच वाटेने.

तरीही बिशपपद हे वतन नव्हते. बापाकडून मुलाकडे ते जाऊ शकत नव्हते, पण काकाकडून पुतण्याकडे मात्र जणू घरचेच असल्यासारखे फिरे. फिलिपचा सख्खा काका, त्याचेही नाव हेन्रीच, ११६२ मध्ये रँसचा आर्चबिशप होण्यापूर्वी याच बोव्हेचा बिशप होता. काका हेन्री आणि भाऊ हेन्री यांची सरमिसळ झालेली टिपणे मी मोजणे सोडून दिले आहे. प्रत्येक ठिकाणी शहराचे नाव जोडले तर हा दोष आपोआप सुटतो. याच कारणासाठी नुसते ‘बोव्हेचा बिशप’ एवढेही लिहू नये, कारण १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कवर खटला चालवणारा प्येर कोशों हाही बोव्हेचाच बिशप होता. पदांसाठी ‘मठाधिपती’, ‘शंकराचार्य’ असले शब्द योजण्याचे कारण नाही. बिशप, आर्चबिशप, धर्मप्रांत हे शब्द वसईपासून गोव्यापर्यंतच्या वाचकाला परिचित आहेत.

फिलिपचा सोरमधला प्रसंग सांगताना संशयाची सुई चुकीच्या दिशेने फिरवली जाते. ११९० मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धातल्या अक्कोच्या वेढ्यात जेरुसलेमच्या राज्याची वारस इझाबेला हिचे पहिले लग्न रद्द ठरवून माँफेराचा कॉनराड याच्याशी तिचे लग्न लावून देणारा बिशप फिलिपच होता. २८ एप्रिल ११९२ रोजी इझाबेलाला स्नानगृहातून यायला उशीर झाला म्हणून कॉनराड फिलिपच्या मुक्कामी जेवायला गेला. फिलिपचे जेवण आधीच उरकलेले होते, म्हणून कॉनराड परत निघाला आणि वाटेत दोघा हश्शाशींनी, म्हणजे एका इस्लामी पंथाच्या मारेकऱ्यांनी, त्याला भोसकले. एवढ्यावरून बिशपाला कटात गोवणे म्हणजे गोष्ट रचणे होय. खुनाचा ठपका इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्यावर ठेवणाऱ्यांत तो पुढे होता, हे मात्र अवश्य लिहावे, कारण त्याशिवाय ११९७ ची घटना समजत नाही. त्या वर्षी मे महिन्यात रिचर्डच्या भाडोत्री सैनिकांनी त्याला बोव्हेजवळ शस्त्रांसह पकडले आणि रिचर्ड मरेपर्यंत त्याची सुटका झाली नाही. ‘माझ्या पुत्राला सोडा’ असे पोपने कळवल्यावर रिचर्डने बिशपाचे चिलखत पाठवून, हा आपल्या मुलाचा झगा आहे का ते ओळखा, असा बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीतला सवाल टाकला, ही कथा बखरकारांनी रंगवली आहे. ती कथा म्हणूनच द्यावी. तिच्यातला मुद्दा मात्र खरा आहे. पोपला गादी दिसत होती, रिचर्डला चिलखत.

बुव्हीनच्या लढाईबाबत मात्र सावकाशीने लिहावे लागते. राजा फिलिप विरुद्ध इंग्लंडच्या बाजूचे सैन्य अशी ही लढाई झाली ती रविवार, २७ जुलै १२१४ रोजी. ‘धर्मगुरूंना रक्त सांडण्याची मनाई होती, म्हणून फिलिप तलवारीऐवजी गदा वापरी’ हे वाक्य जवळपास प्रत्येक टिपणात सापडते. रक्तपाताची मनाई खरी होती, परंतु गदेच्या घावाने कवटी फुटली तर रक्त येत नाही असे त्या काळच्या कोणा शहाण्यानेही मानले नसते, आणि गदेला सूट देणारा कोणताही धर्मनियम नव्हता. राजाचा धर्मगुरू गिलोम ल ब्रतों रणांगणात राजाच्या पाठीशी होता. त्याच्या काव्यात सांगितलेला प्रसंग याहून कितीतरी मार्मिक आहे. द्रोची माणसे कोसळत आहेत हे बिशपाला पाहवेना. हातात योगायोगाने गदा होती, तीच त्याने इंग्लंडच्या राजाचा सावत्र भाऊ विल्यम लाँगेस्पे याच्या शिरस्त्राणावर घातली. शिरस्त्राण फुटले, विल्यम जमिनीवर आदळला आणि मातीत त्याच्या अंगाचा ठसा उमटला. लगेच बिशपाने जवळच्या जाँ नावाच्या सरदाराला सांगितले की याला तू बांध आणि बक्षीसही तूच घे, म्हणजे घाव कोणी घातला हे उघड होणार नाही. ‘योगायोगाने’ हा शब्द कवीने सद्भावनेने लिहिला असेल असे मला वाटत नाही. पण लपवण्याची ती धडपडच सांगते की गदा ही पळवाट नव्हती. विल्यमच्या बदल्यात पुढे सोडवून आणला गेला तो बिशपाचा पुतण्या, द्रोचा धाकटा रॉबर्ट. म्हणजे घाव घातला तोही घराण्यासाठी आणि त्याचे फळ मिळाले तेही घराण्याला. या लढाईत सैन्याची मांडणी करणारा गेरँ हा सांलिसचा नियोजित बिशप होता, तो वेगळा माणूस. दोघांना एक करू नये.

तारखांबाबत एक छोटी सूचना. राजा फिलिपच्या दरबारी कागदांत नवे वर्ष ईस्टरला सुरू होई. जानेवारी ते ईस्टर या काळातल्या सनदेवर १२०० लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने ते १२०१ असते.

शेवटी चित्र निवडताना होणारी गफलत. फिलिपच्या लेखाला बोव्हेच्या गगनचुंबी गॉथिक कॅथेड्रलचे छायाचित्र जोडले जाते. त्या इमारतीचे काम १२२५ मध्ये आग लागल्यानंतर सुरू झाले, म्हणजे बिशप जाऊन आठ वर्षे लोटली होती. जवळपास ४८ मीटर उंचीची तिची छते त्याने कधी पाहिली नाहीत आणि १२८४ मध्ये ती कोसळल्याचेही त्याला ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचे चर्च हवे असेल तर त्याच कॅथेड्रलला पश्चिमेकडून खेटून उभी असलेली बुटकी, दगडी, दहाव्या शतकातली वास्तू शोधावी. तिला आज ‘बास-अव्र’ म्हणतात आणि तिचा काही भाग अजून उभा आहे.