जीआय बिलावर हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय? सही करायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात एका मुलाचा फोन आला, मावनीतून (परदेशी लोकांना अमेरिकन सैन्यात घेणारी योजना) अमेरिकन आर्मीत गेलेला आपलाच मराठी मुलगा, नुकताच बाहेर पडलाय. म्हणाला, "दादा, हेलिकॉप्टर शिकायचंय, स्कूलवाले म्हणतात जीआय बिलात (माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना) सगळं बसतं, सोमवारी सही करू का?" मी म्हटलं थांब, सोमवारी काहीही सही करू नकोस. मग तासभर बोललो आम्ही, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं, कारण असे फोन मला वर्षाला चार-पाच तरी येतात आणि प्रत्येक वेळी तेच चुकत असतं.

मी स्वतः आर्मीच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर क्रू चीफ होतो, म्हणजे देखभाल करणारा, मागे बसणारा. कितीतरी तास हवेत काढले पण ते पायलटचे तास म्हणून एकही मोजला जात नाही, हे पहिल्यांदा समजून घ्या. आर्मीत वॉरंट ऑफिसर पायलट म्हणून उडवलेल्या लोकांचं वेगळं आहे, त्यांना मिलिटरी कॉम्पिटन्सीची लेखी परीक्षा देऊन एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उडवायचं लायसन्स मिळतं. आपण मागे बसलेले लोक, आपल्याला शून्यापासून सुरुवात.

आता मुद्दा. पोस्ट-९/११ जीआय बिलात ३६ महिने मिळतात. एकूण ३६ महिने अॅक्टिव्ह ड्यूटी झाली असेल तर १०० टक्के, त्याहून कमी असेल तर टक्के उतरत जातात, अगदी ९० दिवसांवाल्याला ५० टक्के. ड्यूटीवर झालेल्या दुखापतीमुळे डिस्चार्ज झाला असेल किंवा पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्यांचं पदक) असेल तर नियम वेगळे, थेट १०० टक्के होऊ शकतात. १ जानेवारी २०१३ ला किंवा नंतर बाहेर पडला असाल तर वापरायला मुदत नाही, त्यामुळे कोणी "लवकर कर नाहीतर जाईल" म्हणून घाई करत असेल तर ऐकू नका.

या ३६ महिन्यांतून हेलिकॉप्टर शिकायचे दोन रस्ते आहेत आणि पैशाच्या हिशोबात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला रस्ता म्हणजे थेट फ्लाइट स्कूल. इथे व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) वर्षाला ठराविक रकमेपर्यंतच, म्हणजे कॅपपर्यंतच देतं, २०२५-२६ साठी ती साधारण १७,००० डॉलर आहे. घरभाडं भत्ता नाही, पुस्तकांचे पैसे नाहीत. आणि प्रायव्हेट पायलट लायसन्स तुमच्याकडे आधीच हवं, म्हणजे ते स्वतःच्या खिशातून. त्याशिवाय स्कूल पार्ट १४१ चं हवं, म्हणजे एफएएने मंजूर केलेल्या अभ्यासक्रमाचं, पार्ट ६१ वाल्या म्हणजे तसा मंजूर अभ्यासक्रम नसलेल्या स्कूलला व्हीए पैसे देत नाही, तिथला इन्स्ट्रक्टर कितीही चांगला असला तरी.

दुसरा रस्ता म्हणजे कॉलेजची डिग्री, ज्यात फ्लाइट ट्रेनिंग हा डिग्रीचाच भाग आहे. सरकारी कॉलेज असेल तर इन-स्टेट ट्यूशन आणि फी व्हीए भरतं, फ्लाइटची फी धरून, आणि त्याला ती १७,००० ची कॅप लागत नाही. प्रायव्हेट लायसन्ससुद्धा डिग्रीच्या आत असेल तर त्यातच होतं. वर कॅम्पसच्या झिप कोडप्रमाणे ई-५ विथ डिपेंडंट्सच्या (कुटुंब असलेल्या सार्जंटच्या) दराने घरभाडं, अर्ध्यापेक्षा जास्त कोर्स लोड हवा आणि निदान एक क्लास तरी प्रत्यक्ष जाऊन करायला हवा, सगळं ऑनलाइन घेतलं तर भत्ता फार कमी होतो. पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. दुसऱ्या राज्यातून आला असाल तरी सरकारी कॉलेजला व्हेटरनला इन-स्टेट दर लावावा लागतो, फक्त राहायला त्या राज्यात हवं. खासगी कॉलेज असेल तर मात्र वर्षाची कॅप आहे, २०२५-२६ ला जवळपास ३०,००० डॉलर, वरच्या रकमेसाठी कॉलेज यलो रिबनमध्ये (कॅपच्या वरचा खर्च उचलणारी योजना) आहे का आणि किती देतं ते विचारावं लागतं, आणि तेही तुम्ही १०० टक्केवाले असाल तरच.

आता कागद-पेन घ्या, मी त्या मुलाला फोनवर हेच करायला लावलं. रॉबिन्सन आर-२२ (शिकवायला वापरतात ते छोटं हेलिकॉप्टर) इन्स्ट्रक्टरसकट तासाला साधारण ४०० डॉलर धरा, आर-४४ त्याहून बरंच महाग. १७,००० भागिले ४०० म्हणजे वर्षाला ४२ तास. आणि थेट स्कूलच्या रस्त्यावर महिने कापले जातात ते पैशाच्या हिशोबाने, वर्षाची पूर्ण कॅप वापरली की तुमचे १२ महिने गेले. म्हणजे ३६ महिन्यांत तीन कॅप, एकूण ५१,००० च्या आसपास, आणि बिल संपलं. त्याच ३६ महिन्यांत सरकारी कॉलेजातून पायलटची सगळी लायसन्स आणि रेटिंग्स, डिग्री आणि घरभाडं. फोनवर तो मुलगा बराच वेळ गप्पच होता. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला.

मग थेट स्कूल कोणासाठी? ज्याची डिग्री आधीच झालीये, ज्याच्याकडे प्रायव्हेट आहे, जो नोकरी करत शिकणार आहे आणि ज्याला कॉलेजात परत इंग्रजी आणि इतिहासाचे क्लास करायचे नाहीत, त्याच्यासाठी ठीक आहे. त्याला एक उपयोगी गोष्ट सांगतो, कॅपचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं, त्यामुळे मे महिन्यात कोर्स सुरू करून जुलैअखेर पहिली कॅप वापरायची आणि १ ऑगस्टपासून नवीन कॅप, असं केलं की मधे पैसे संपले म्हणून महिनोन् महिने जमिनीवर बसावं लागत नाही. हेलिकॉप्टरमध्ये दोन महिने गॅप पडला की हॉव्हर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणं परत शिकावं लागतं, हे मी अनुभवाने सांगतोय.

पण सगळ्यात मोठी चूक लोक पुढे करतात. ते पैसे मोजतात लायसन्सपर्यंतचे. कमर्शियल हेलिकॉप्टरला १५० तास लागतात, तर १५० तासांचे पैसे जमवले की झालं असं वाटतं. नाही झालं. कमर्शियल हातात आलं तरी १५० तासांच्या पायलटला नोकरी कोण देणार? जवळजवळ सगळ्यांची पहिली नोकरी इन्स्ट्रक्टरची असते, आणि बहुतेक स्कूल रॉबिन्सनवर शिकवतात, आणि रॉबिन्सनवर शिकवायला एफएएचा वेगळा नियम आहे, एसएफएआर ७३, त्याप्रमाणे आर-२२ वर शिकवायला इन्स्ट्रक्टरकडे हेलिकॉप्टरचे २०० तास हवेत आणि त्यातले ५० आर-२२ मधले हवेत. म्हणजे खरा आकडा १५० नाही, २०० आहे. ते मधले ५० तास गुणिले ४०० म्हणजे २०,००० डॉलर, आणि व्हीए फक्त मंजूर कोर्समधल्या तासांचेच पैसे देतं, नुसते तास भरायला देत नाही. म्हणून स्कूलला पहिला प्रश्न हा विचारा, "तुमचा पूर्ण कोर्स, इन्स्ट्रुमेंट, सीएफआय, सीएफआयआय सगळं धरून, संपतो तेव्हा विद्यार्थ्याकडे किती तास असतात?" (इन्स्ट्रुमेंट म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवणं, सीएफआय म्हणजे इन्स्ट्रक्टरचं लायसन्स, सीएफआयआय म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवायचं.) उत्तर २०० च्या आसपास असेल तर पुढे बोला. १७० म्हणाले तर उरलेले तीस तास कुठून येणार ते तुमचं तुम्हाला बघावं लागेल. ग्रँड कॅनियनच्या टूर किंवा मेक्सिकोच्या आखातातल्या ऑइल रिगच्या नोकऱ्यांना साधारण १,००० तास मागतात, आणि तिथपर्यंतचे तास लोक इन्स्ट्रक्टर म्हणूनच भरतात.

८५/१५ चा नियमही लक्षात ठेवा. एखाद्या प्रोग्रॅममध्ये ८५ टक्क्यांपेक्षा जास्त विद्यार्थी व्हीएच्या पैशावर असतील तर व्हीए नवीन व्हेटरनला तिथे घेऊ देत नाही. हेलिकॉप्टरचे प्रोग्रॅम यात पटकन अडकतात कारण इतके महाग कोर्स स्वतःच्या पैशाने करणारे किती असणार. २०१५ च्या सुमारास यावर मोठा गदारोळ झाला होता आणि काही कॉलेजांचे प्रवेश थांबले होते. आधीपासून शिकणाऱ्यांना सहसा पुढे चालू ठेवता येतं पण मधेच सेमिस्टर सोडून परत आलात तर नवीन म्हणून धरले जाऊ शकता. घर बदलून, सामान ट्रकमध्ये भरून दुसऱ्या राज्यात जायच्या आधी कॉलेजच्या सर्टिफाइंग ऑफिशियलला (व्हीएचं काम बघणारा कर्मचारी) विचारा की आत्ता प्रमाण किती आहे आणि माझ्या सेमिस्टरला व्हेटरन घेताय का, आणि उत्तर ईमेलवर मागा.

अप्रूव्हलचंही तसंच. मला एका स्कूलने सांगितलं होतं "आम्ही व्हीए अप्रूव्ह्ड आहोत", भिंतीवर बोर्डही होता. अप्रूव्हल खरं होतं, पण विमानाच्या कोर्सला, हेलिकॉप्टरच्या कोर्सला नव्हतं. अप्रूव्हल कोर्सप्रमाणे असतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, माझे तीन महिने त्यात गेले. व्हीएच्या वेबसाइटवर जीआय बिल कम्पॅरिझन टूल आहे, तिथे स्कूल शोधा, आणि शंका असेल तर त्या राज्याच्या स्टेट अप्रूव्हिंग एजन्सीला (कोर्स मंजूर करणारं कार्यालय) कोर्सचं पूर्ण नाव देऊन विचारा.

मेडिकल, म्हणजे एफएएची वैद्यकीय तपासणी, सगळ्यात आधी करा. सगळ्यात आधी म्हणजे अर्जाच्याही आधी. थेट स्कूलच्या रस्त्याला सेकंड क्लास मेडिकल लागतंच, आणि कमर्शियलचं काम करायचं तर तसंही तेच हवं. आता आपल्या लोकांची अडचण अशी की बऱ्याच जणांना व्हीएची डिसॅबिलिटी असते, पाठ, कान, झोप, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), आणि एफएएच्या मेडिकल फॉर्मवर डिसॅबिलिटी बेनिफिट घेता का असा सरळ प्रश्न आहे. लपवू नका. हात जोडून सांगतो, लपवू नका. एफएए व्हीएच्या नोंदींशी ताडून बघतं, २०२३ मध्ये अशा जवळपास ४,८०० पायलटांची चौकशी चालू असल्याचं एफएएनेच सांगितलं होतं. डिसॅबिलिटीचं रेटिंग आहे म्हणजे मेडिकल मिळणार नाही असं अजिबात नाही, खूप जणांना मिळतं, कधी जास्तीची कागदपत्रं द्यावी लागतात आणि वेळ लागतो. फॉर्म भरायच्या आधी एखाद्या एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी फक्त सल्ला म्हणून बोला, त्याला सगळं खरं सांगा, कुठले रिपोर्ट जमवायचे ते तो सांगेल.

वजनाचंही बघून घ्या, आर-२२ च्या एका सीटची मर्यादा २४० पाउंड आहे आणि बरीच स्कूल त्याहून कमी ठेवतात. जास्त असेल तर आर-४४ मध्ये शिकावं लागतं, तिथे ३०० पाउंडपर्यंत चालतं, पण मग तासाचा दर वाढला आणि वरचा सगळा हिशोब बदलला.

कागदपत्रं अवघड नाहीत. डीडी-२१४ (सैन्यातून बाहेर पडल्याचा दाखला) हाताशी ठेवा, व्हीएच्या वेबसाइटवर २२-१९९० फॉर्म भरा, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी येतं त्यावर टक्के आणि उरलेले महिने लिहिलेले असतात. ते कॉलेजच्या सर्टिफाइंग ऑफिशियलला द्यायचं, पुढचं एनरोलमेंट ते व्हीएला कळवतात. आधी दुसरीकडे बिल वापरलं असेल तर २२-१९९५. नागरिकत्व झालं असेल तर फ्लाइट स्कूलला पासपोर्ट दाखवायचा, अजून ग्रीन कार्डवर असाल तर टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी आधी काढावी लागते, ती राहून गेली तर पहिला धडाच सुरू होत नाही.

ज्यांच्या सर्व्हिसचे दोन वेगळे कालखंड आहेत आणि मॉन्टगोमरी जीआय बिलपण (याच्या आधीची जुनी योजना) लागू आहे त्यांनी जरा थांबा. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रुडिसिल केसमध्ये निकाल दिला की अशांना दोन्ही बिलं मिळून ४८ महिन्यांपर्यंत वापरता येतात. मॉन्टगोमरीत फ्लाइट ट्रेनिंगचा ६० टक्के खर्च मिळतो. म्हणून घाईघाईने एक बिल सोडून दुसरं घेतलं असं करू नका, आधी विचारून घ्या.

पैसे आगाऊ कोणालाही देऊ नका. फेब्रुवारी २००८ मध्ये नेवाडाची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स एकाएकी बंद पडली, मुलांनी पूर्ण कोर्सचं कर्ज काढून पैसे आधीच भरलेले, हेलिकॉप्टर गेलं आणि कर्ज राहिलं. प्रायव्हेट स्वतःच्या पैशाने करत असाल तर चार-पाच तासांचे पैसे खात्यात ठेवा, उडवा, परत भरा. स्कूल "एकदम भरलं तर दहा टक्के सूट" म्हणेल, ती सूट घेऊ नका.

कॉलेजच्या रस्त्यावर दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत घरभाडं येत नाही, त्यासाठी दीड-दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. आणि मधेच कोर्स सोडला तर व्हीए पैसे परत मागतं, भत्त्याचे तुमच्याकडून आणि ट्यूशनचे कॉलेजकडून, मग कॉलेज ते तुमच्याकडून वसूल करू शकतं. फ्लाइटचा एक कोर्स हजारो डॉलरचा असतो, त्यामुळे आजारपण किंवा घरची अडचण आली तर सोडायच्या आधी सर्टिफाइंग ऑफिशियलकडे जा, कारणाचे कागद ठेवा, योग्य कारण असेल तर व्हीए ते ऐकतं.

शेवटी रोजची एक सवय. उडवायचं बिल हॉब्स मीटरवर (हेलिकॉप्टरमधला तास मोजणारा मीटर) बनतं, इंजिन चालू म्हणजे मीटर चालू. मी पहिले दहा-बारा धडे इंजिन चालू ठेवून प्रश्न विचारत बसायचो, रोटर फिरतोय, इन्स्ट्रक्टर कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) हात ठेवून समजावतोय आणि तासाच्या दर दशांशाला चाळीस-चाळीस डॉलर जातायत. नंतर एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने मला पॅडवर, बंद हेलिकॉप्टरमध्ये बसवून डोळे मिटून पूर्ण पॅटर्न (उडण्यापासून उतरण्यापर्यंतचा फेरा) हाताने करायला लावला, तीनदा, तेव्हा कुठे स्टार्टर दाबू दिला. तेव्हापासून प्रत्येक फ्लाइटला हॉब्सच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्याचा फोटो काढायचो आणि महिनाअखेर स्कूल व्हीएला जे तास पाठवतं ते लॉगबुकशी जुळवायचो. दोनदा फरक निघाला, एकदा चक्क १.३ तासांचा, आणि फोटो दाखवल्यावर पाच मिनिटांत दुरुस्त झाला.