शिवणीत माया सोडा: ताटातूट झालेल्या लॉर्ड-लेडीची गोष्ट कशी लिहायची

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला लंडनच्या लॉर्ड-लेडींशी काय करायचंय, हे आमच्या गल्लीत सगळ्यांनी विचारून झालंय. नगरला माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. रात्री साडेनऊला मशीन झाकते आणि मोबाइलवर लिहायला बसते. आजवर सहा कथामालिका झाल्या आणि सहाही एकाच घाटाच्या. काळ १८११ ते १८२०, म्हणजे वेड लागलेल्या राजाच्या जागी त्याचा मुलगा कारभार बघत होता तेव्हाचा. जागा लंडन, नाहीतर इंग्लंडातलंच बाथ शहर. आणि दोन माणसं, जी आठ-दहा वर्षांपूर्वी एकमेकांची होता होता राहिली. हल्ली बायका विचारतात, "ताई, आम्हालाही लिहायचंय, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात ताटातुटीपासून करा. भेट नंतर.

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाळंतपणानंतर अंग भरलं की बाई ब्लाउज घेऊन येते. मी शिवण उसवते, आतली माया बाहेर काढते, नवी टीप मारते, ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. माया न ठेवता शिवलेला ब्लाउज पहिल्या दिवशी झकास बसतो, पण नंतर त्याचं काही करता येत नाही. तुमच्या जोडीची ताटातूट अशी शिवा की आत दोन बोटं माया राहील. नायकाने तिला फसवलं, तिच्याच बहिणीशी सूत जुळवलं, असं पहिल्या भागात लिहिलंत, तर विसाव्या भागात त्याने कितीही गुलाब आणले तरी वाचक बाई त्याला उंबरा ओलांडू देत नाही. दोघांचंही थोडं थोडं चुकलेलं असावं, आणि त्या वयात, त्या परिस्थितीत ते चुकणं आपल्याला पटावं.

कारणं तो काळच पुरवतो. जहागीर थोरल्याला, धाकट्याच्या वाट्याला फौज, आरमार, नाहीतर चर्च. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे २१ वर्षांखालच्या मुलीचं लग्न बापाच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडात होणं महाकठीण. पळून जायचं तर स्कॉटलंडची हद्द गाठायची. तिथे ग्रेटना ग्रीन नावाचं गाव याच धंद्यावर प्रसिद्ध होतं. त्यात साखरपुडा झाल्याशिवाय मुलीने परक्या पुरुषाला पत्र लिहिणं म्हणजे बेअब्रू. त्यामुळे गैरसमज झाला की तो मिटवायची सोयच नाही. दुष्ट आत्याने पत्र चोरलं वगैरे करू नका. आत्याला काम द्यायचंच असेल तर तिला खरोखर भाचीची काळजी असू दे. काळजीपोटी केलेला नुकसानीचा सल्ला जास्त लागतो.

पत्रांवरून माझी फजिती सांगते. पहिल्या मालिकेत माझ्या हॅरिएटने १८१४ साली पाकिटाला तिकीट चिकटवलं. एका वाचक काकांनी लगेच लिहिलं, "ताई, तिकीट १८४० साली आलं." मी ओशाळले, पण शोधताना घबाड मिळालं. त्या काळी टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, तेही अंतर आणि कागदाची पानं मोजून. पाकीट घातलं तर तेही एक पान धरायचे, म्हणून कागदच दुमडून लाखेने बंद करत. मग मी तो भाग उसवून पुन्हा लिहिला. दारात पत्र आलंय, अक्षर ओळखीचं आहे, आणि हॅरिएटच्या पर्समध्ये पैसे नाहीत. भावाकडे मागावे तर तो विचारणार, कुणाचं पत्र? त्या एका प्रसंगावर मला सगळ्यात जास्त प्रतिक्रिया आल्या.

मधली वर्षं कुठे घालवायची? नायकाला हिंदुस्थानात पाठवा. आफ्रिकेला वळसा घालून जहाजाला पाच-सहा महिने लागायचे, म्हणजे पत्राचं उत्तर यायला वर्ष. आणि इथे मला आमच्या गावाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण असं खरंच घडलंय.

१७९३ मध्ये डब्लिनला आर्थर वेल्स्ली नावाच्या एका कफल्लक, धाकट्या लष्करी अधिकाऱ्याने किटी पाकनहॅमला मागणी घातली. तिच्या भावाने साफ नकार दिला. याने स्वतःची व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुढे हिंदुस्थान गाठला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने आमचा नगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढाई जिंकली. १८०५ मध्ये परत गेला तो 'सर' होऊन, गाठीला पैसा बांधून. ऑलिव्हिया स्पॅरो नावाची एक मैत्रीण मध्ये होती. किटी अजून तुला विसरली नाही, हे तिनेच त्याच्या कानावर घातलं. झालं! गड्याने किटीला डोळ्यांनी न बघताच पत्रातून पुन्हा मागणी घातली. मी आता पूर्वीची राहिले नाही, आधी येऊन बघा, असं ती बिचारी स्वतः कळवत होती. तरी हा ऐकेना. १० एप्रिल १८०६ ला लग्न लागलं. एवढ्या वर्षांनी तिला पाहिल्यावर, ही तर कुरूप झाली, असं तो आपल्या भावाच्या कानात पुटपुटला म्हणतात. दोन मुलगे झाले, तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, पण संसार काही रंगला नाही.

किल्ल्याच्या रस्त्याने जाताना मला दर वेळी त्या माणसाचा राग येतो. अहो, जुन्या मापावर नवं कापड कोण बेततं? गिऱ्हाईक दहा वर्षांनी आलं तर आधी टेप लावतात. म्हणून तुमच्या गोष्टीत दोघांची भेट पहिल्या दोन भागांतच घडवा, आणि मागणी शेवटच्या दोन भागांपर्यंत येऊ देऊ नका. मधले सगळे भाग नवं माप घेण्याचे. तो उन्हाने रापलाय, तापाने खंगलाय, झोपेत दचकतो. ती आता अठ्ठावीसची आहे. नाचणाऱ्या मुलींत नाही, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर पोक्त बायकांत बसते आणि तिथून सगळ्यांची बिंगं टिपते. पूर्वी ती लाजायची, आता टोमणे मारते. त्याला हे आधी बोचतं, मग आवडायला लागतं. हे 'मग' जितकं सावकाश येईल तितकं बरं.

आता हसू. विनोद संवादात कोंबू नका, तो मानपानात आहे. लग्नात व्याह्यांना नारळ आधी की शालू आधी यावरून जे रामायण होतं ना, ते त्या लोकांत रोज रात्री जेवायला जाताना व्हायचं. कोण कुणाच्या आधी दिवाणखान्यातून उठणार, हे पदव्यांवर ठरलेलं. म्हणजे दोघं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतील, तर त्यांचा दर्जा असा जुळवा की यजमानीणबाईला त्यांना शेजारी बसवावंच लागेल. सूप येतं, दोघंही समोरच्या फुलदाणीशी बोलतात.

नाचाचे नियम तर सोन्याची खाण. एका पुरुषाबरोबर एका रात्रीत दोनदा नाचलं तर चालतं, त्याच्या पुढे गेलं की सगळं शहर लग्नाची तारीख विचारतं. आणि मुलीने एकाला नकार दिला, तर त्या रात्री दुसऱ्याबरोबर नाचायला उठणं असभ्य. माझ्या हॅरिएटने एका जाड्या, घामट, बॅरोनेट पदवीवाल्या गृहस्थाला "पाय दुखतोय" सांगून कटवलं. पाच मिनिटांत एडवर्ड समोर उभा, आठ वर्षांनी! तिला "पाय दुखतोय" हेच सांगावं लागलं. त्याला वाटलं, अजून राग आहे.

आलमॅक्सचा एक तरी प्रसंग ठेवा. लंडनमधल्या किंग स्ट्रीटवरचे ते दिवाणखाने. तिथे बुधवारी नाच असायचा आणि कुणाला परवाना द्यायचा हे मूठभर उमरावबायका ठरवायच्या. पैसा असून उपयोग नाही, बायकांनी नाक मुरडलं की संपलं. खायला काय, तर पातळ पावाला लोणी, कोरडा केक, लिंबू सरबत. दारूचा थेंब नाही. अकरानंतर दार बंद. एवढा जीव काढून आत जायचं ते लिंबू सरबतासाठी! माझ्या सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं.

मराठीत लिहिताना आपल्या हातात एक हुकमी पान आहे, ते जपून टाका. इंग्रजीत तेव्हाही लॉर्डपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. आठ वर्षांपूर्वी बागेत हॅरिएट-एडवर्ड एकमेकांना 'तू' म्हणत होते. आता नाचघरात तो झुकून म्हणतो, "आपली तब्येत बरी आहे ना?" ते 'आपण' थोबाडीत मारल्यासारखं लागलं पाहिजे. मग कित्येक भाग 'तुम्ही'. आणि एके दिवशी घोडागाडीचं चाक निखळतं, ती कलंडते, आणि त्याच्या तोंडून निसटतं, "तुला लागलं नाही ना?" बस्स, तिथे भाग संपवा. चुंबन पुढच्या आठवड्यात दिलंत तरी कुणी तक्रार करत नाही. फक्त 'अहो' टाळा. लेडी हॅरिएट "अहो, ऐकलंत का" म्हणाली की ती थेट सदाशिव पेठेत येऊन बसते.

नायिका विधवा करायची असेल तर जरूर करा, मला तशाच जास्त आवडतात. लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याच्या ताब्यात जायचा. विधवा मात्र आपल्या हातच्या पैशाची मालकीण. मग तिने दुसऱ्यांदा गळ्यात दोर का अडकवून घ्यावा? हा प्रश्न नायकाला सोडवायला लावा. माझ्या चौथ्या मालिकेत तो अंगठी न आणता वकिलाला घेऊन येतो: तिची रक्कम विश्वस्तांच्या हाती बांधून ठेवणारा करार, त्याचा हात लागणार नाही असा. वाचक बायकांना एवढा रोमँटिक प्रसंग दुसरा वाटला नाही. घटस्फोटित नायक मात्र नको. त्याला तेव्हा संसदेत खास कायदा करून घ्यावा लागे, आणि तुमची हलकीफुलकी गोष्ट कोर्टकचेरीत अडकेल.

कपड्यांबद्दल मी तासभर बोलेन, पण थोडक्यात: कंबर छातीच्या लगेच खाली, पुढे सपाट, मागे चुण्या, कापड बहुतेक मलमल. अशा झग्याला खिसा बसत नाही, म्हणून हातात लहानशी बटव्यासारखी पिशवी. नायिकेला चिठ्ठी लपवायची असेल तर ती जाईल कुठे, याचा आधी विचार करा.

प्रसंगाला जागा हवी असेल तर फेब्रुवारी १८१४ घ्या. थेम्स नदी गोठली, बर्फावर जत्रा भरली, चक्क हत्ती चालवला. हिंदुस्थानातून परतलेला नायक आणि लंडनच्या बर्फावर हत्ती, याहून जास्त काय पाहिजे?

शेवटी लग्न सकाळीच लावा. बारा वाजायच्या आत, चर्चमध्ये. गोरज मुहूर्त नाही. वेळेची आणि जागेची सूट हवी तर कँटरबरीच्या आर्चबिशपकडून खास परवाना आणावा लागे, आणि तो आणायला नायकाला पळवलंत तर आणखी एक भाग निघतो. लग्नानंतर पंगत नाही, नुसता नाश्ता. सासूबाईंना एवढंच पटलेलं नाही. "आठ वर्षं थांबवलंस त्यांना," म्हणाल्या, "आणि शेवटी जेवायलाही घातलं नाहीस?" म्हणून सहाव्या मालिकेत मी त्या नाश्त्याला तीन पानं दिली.