चल घातांकाच्या लेबेग स्पेसमध्ये मॅक्सिमल फंक्शन: सुरुवात करणाऱ्यांसाठी

व्हिटाली कव्हरिंग आणि हार्डी–लिटलवूडचा स्थिर घातांकाचा सिद्धांत पक्का असेल तर या विषयाला हात घालायला हरकत नाही.

इथे घातांक प बिंदूगणिक बदलतो, म्हणून प(क्ष). फ चं मॅक्सिमल फंक्शन म्हणजे त्या बिंदूभोवतीच्या सगळ्या गोलांवर |फ| ची जी सरासरी येते, तिचं सुप्रिमम. पहिली गल्लत मॉड्युलर आणि नॉर्म यांच्यात होते. |फ(क्ष)| चा प(क्ष) घात घेऊन केलेलं इंटिग्रल म्हणजे मॉड्युलर. फ ला ज्या धन संख्यांनी भागल्यावर मॉड्युलर १ च्या आत येतो, त्यांचं इन्फिमम म्हणजे नॉर्म. मॅक्सिमल फंक्शन फ च्या स्थिर पटीत राहतं, हा अंदाज नॉर्ममध्येच मागा. मॉड्युलरमधली तशीच असमानता घातांक स्थिर असेल तरच खरी ठरते, हे लर्नर यांनी २००५ मध्ये दाखवलं.

मग हे उदाहरण हाताने सोडवा, वाचून सोडू नका. शून्याच्या डावीकडे घातांक २, उजवीकडे ४. फ म्हणजे (−१, ०) वर |क्ष| चा −१/३ घात, इतरत्र शून्य. वर्गाचं इंटिग्रल ३ येतं, म्हणजे फ स्पेसमध्ये आहे. आता ० < क्ष < १ घेऊन (−क्ष, ३क्ष) वर सरासरी काढा: क्ष च्या −१/३ घाताची ३/८ पट. चौथा घात केला की क्ष चा −४/३ घात उरतो आणि शून्याजवळ इंटिग्रल फुटतं, म्हणजे अनंत होतं. डावीकडचा चढ सरासरीने उजवीकडे नेला, तिथल्या घातांकाला तो पेलला नाही.

हे रोखते लॉग-होल्डर अट: अंतर द (१/२ हून कमी) असलेल्या बिंदूंवर घातांकांतला फरक स/लॉग(१/द) च्या आत; स हा स्थिरांक. १/द ला तेवढा घात चढवला तरी उत्तर ई च्या स घातापुढे जात नाही. अटीचं सगळं काम एवढंच. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही.

डीनिंग यांची २००४ ची सिद्धता सीमित क्षेत्रावर आधी वाचा. क ही घातांकाची किमान किंमत, १ पेक्षा मोठी; फ चा नॉर्म १ च्या आत. होल्डर असमानता आणि लॉग-होल्डर अट वापरून, मॅक्सिमल फंक्शनचा प(क्ष)/क घात हा |फ| च्या प/क घाताच्या मॅक्सिमल फंक्शनच्या आणि १ च्या बेरजेच्या स्थिर पटीत बसतो. दोन्ही बाजूंचा क घात घ्या. पुढचं काम स्थिर घातांक क चं जुनं प्रमेय करतं. लगेच क ऐवजी १ ठेवून बघा, सिद्धता नेमकी कुठे अडते ते दिसेल.

तो अधिकचा १ संपूर्ण अवकाशावर इंटिग्रेबल नसतो. म्हणून तिथे अनंताकडे घातांक एका किमतीकडे स/लॉग(ई+|क्ष|) च्या वेगाने स्थिरावण्याची अट जोडतात.

घातांक सर्वत्र १ असेल, तर शून्येतर फ चं मॅक्सिमल फंक्शन संपूर्ण अवकाशावर कधीच इंटिग्रेबल नसतं. सीमित भागावर एल लॉग एल लागतं, म्हणजे |फ| लॉग(१+|फ|) चं इंटिग्रल सांत असावं लागतं. घातांक १ ला नुसता टेकत असेल तर टेकण्याचा वेग मोजावा लागतो, पण तो भाग सुरुवातीला बाजूला ठेवा.