मोठा टर्बो बसवताय? आधी या चुका टाळा

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) अपग्रेडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती हॉर्सपॉवरचा घेऊ?" इंजेक्टर केवढे, फ्युएल पंप कुठला, गाडी रोज रस्त्यावर चालवायची की फक्त ट्रॅकवर, यातलं काही विचारलं की समोर शांतता, पण आकडा मात्र तोंडपाठ. तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आकडा बघून टर्बो घेणं

बॉक्सवर ५०० लिहिलंय म्हणून गाडी ५०० ची होत नाही. तो टर्बो जास्तीत जास्त किती हवा ढकलू शकतो त्याचा तो अंदाज, बाकीचं सगळं तुमच्या इंजिनने करायचंय. हिशोब काही फार अवघड नाही. पेट्रोल इंजिनला मिनिटाला १ पाउंड हवेमागे ढोबळ १० हॉर्सपॉवर धरा. २ लिटरच्या इंजिनातून ३०० हवे असतील तर मिनिटाला ३० पाउंड हवा लागली, आणि ६५०० आरपीएमला तेवढी हवा आत घालायला बूस्ट (वातावरणापेक्षा जादा दाब) साधारण १.१ बार, म्हणजे प्रेशर रेशो (कंप्रेसरमधून निघणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबाचं गुणोत्तर) वाटेतला तोटा धरून २.२-२.३ च्या आसपास. हा ठिपका कंप्रेसर मॅपवर (टर्बो किती दाबाला किती हवा नीट ढकलतो त्याचा आलेख) टाकायचा, तो मधल्या, सगळ्यात कार्यक्षम गोलात पडला की लोक खूश होऊन लगेच ऑर्डर टाकून मोकळे.

अरे पण ३००० आरपीएमला काय होतं ते कोण बघणार? बूस्ट तोच ठेवला तर हवा जवळपास आरपीएमच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे इथे साधारण १४ पाउंड. हा दुसरा ठिपका पण मॅपवर टाका. इंजिनच्या मानाने टर्बो फार मोठा असेल तर दोनपैकी एक होतं, एक तर ३००० ला बूस्ट येतच नाही आणि गाडी स्टॉकपेक्षा मंद वाटते, नाहीतर बूस्ट येतो पण ठिपका डावीकडच्या सर्ज लाइनच्या पलीकडे जातो. मग हवा कंप्रेसरमधून उलटी मारते, व्हील हेलकावे खातं आणि सगळा मार थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं). अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना फडफड आवाज येत असेल तर तो व्हिडिओ काढून मिरवायचा आवाज नाही, बेअरिंग झिजतंय त्याचा आवाज आहे.

मागच्या टर्बाइन हाउसिंगचा ए/आर (एक्झॉस्टच्या वाटेच्या आकाराचं माप) तर कोणी विचारतच नाही. छोटा ए/आर असेल तर बूस्ट लवकर येतो पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट गुदमरतो, मोठ्याचं बरोबर उलटं. माझी सवय सांगतो, रस्त्यावरच्या गाडीला मोहात पडलो असेन त्याच्यापेक्षा एक साइज लहानच घेतो. चालवताना तुम्ही जास्त वेळ ३००० ते ५००० मध्येच असता, ६५०० ला नाही.

धूर आला की "सील गेलं"

हा माझा सगळ्यात नावडता डायलॉग. नवा टर्बो बसवला, निळा धूर आला, लगेच निकाल, सील गेलं, टर्बोच खराब लागला.

ओळखीतल्या एका पोराची गाडी अशीच आली होती. हायवेवर एकदम मस्त, बूस्ट बरोबर, पण सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की मागचा माणूस काच वर करायचा. बसवून देणाऱ्याने सील गेलं म्हणून टर्बो बदलला, धूर तसाच. परत तेच निदान, आणि आता तिसरा मागवायच्या तयारीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गाडी वर घेतली आणि खालून टॉर्च मारला तर सगळं समोरच होतं. नव्या मॅनिफोल्डमुळे (इंजिनचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोला देणारा पाइप) टर्बो खाली आलेला, त्याचा ऑइल ड्रेनचा होज जवळपास आडवा, इंजिन माउंटला वळसा घालताना मध्ये झोळ पडलेला, आणि इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरला जिथे तो जोडला होता ते भोक ऑइलच्या लेव्हलच्या खाली. होज सोडला तर फ्लँजच्या आत सिलिकॉन पेस्टचा गोळा, अर्धं भोक त्यानेच बुजवलेलं.

आता हे का होतं ते समजून घ्या. टर्बोत ऑइल जातं ते पंपाच्या प्रेशरने, पण बाहेर येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, लहान टर्बो तर दोन लाखांच्याही पुढे जातात, त्यामुळे खाली येणारं ऑइल फेसाळलेलं असतं, साबणाच्या फेसासारखं, त्याला रुंद आणि सरळ रस्ता लागतो. आणि टर्बोचं सील म्हणजे रबराची वॉशर नव्हे, पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते. बाहेरच्या बाजूला प्रेशर असतं म्हणून ऑइल आत राहतं. ड्रेन तुंबून मधल्या हाउसिंगमध्ये ऑइल साठलं की आयडलिंगला, जेव्हा बाहेरचं प्रेशर कमी असतं, ते रिंगमधून निघणारच. यात टर्बोचा काय दोष?

चेंबरचं भोक लेव्हलच्या वर नेलं, आतून १३ मिमी तरी असेल असा होज जवळपास उभा खाली आणला, पेस्ट खरवडून धातूचं पॅकिंग टाकलं. टर्बो तोच, "खराब" म्हणून काढायला निघालेला. सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा वेळ धूर राहिला, मग बंद.

ड्रेन बरोबर असेल तरी धूर येत असेल तर ब्रिदर (इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी वाट) बघा. इंजिनच्या पोटातच प्रेशर साठलं असेल तर ऑइल खाली उतरणार कुठे. टर्बो खोलायची पाळी त्यानंतर. आणि हो, जर्नल बेअरिंगचा टर्बो (ज्यात शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो) हातात घेऊन शाफ्ट बाजूला थोडा हलला म्हणून बोंब मारू नका, कोरडा असताना तेवढा प्ले असतोच. पुढे-मागे हलत असेल किंवा व्हील हाउसिंगला घासत असेल तर मात्र परत पाठवा.

पेस्ट

ऑइलच्या कुठल्याही जोडावर सिलिकॉन पेस्ट लावू नका. टर्बोला ऑइल नेणाऱ्या फीड लाइनला तर मुळीच नाही. सुटलेला एक तुकडा बारीक भोकात अडकला की बेअरिंग संपायला वेळ लागत नाही.

"ट्यून नंतर करू"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. टर्बो रविवारी बसवला, ट्यूनिंगची (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोल आणि स्पार्कची सेटिंग) वेळ पुढच्या महिन्यात, तोपर्यंत "सांभाळून चालवतो". कोणी सांभाळून चालवत नाही हो, नवा टर्बो लावलेला माणूस तर नाहीच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण लीन होतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी, झटक्याने पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंग लँड (रिंगच्या खाचांमधल्या कडा) तुटतात. बूस्ट कमी ठेवतो म्हणाल तर वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) स्प्रिंगपेक्षा खाली तुम्ही जाऊच शकत नाही, आणि वेस्टगेट लहान पडला तर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. इंजेक्टर, पंप, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर) आणि ट्यून यांची सोय झाल्याशिवाय मी बॉक्स उघडतच नाही. पैसे पुरत नसतील तर टर्बो लहान घ्या, ट्यून कापू नका.

बाकी पटापट. बॉल बेअरिंगच्या टर्बोला बहुतेक वेळा फीडमध्ये रिस्ट्रिक्टर (ऑइल आवरणारं बारीक भोक) लागतो, जर्नलला सहसा नाही, बरोबर आलेला कागद वाचा. जुना टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा) आणि पाइप धुतल्याशिवाय नवा लावू नका, आत धातूचे तुकडे असतात. पाण्याच्या लाइनी "नंतर जोडू" म्हणून बंद करू नका, इंजिन बंद केल्यावरची उष्णता तेच पाणी ओढून घेतं. एअर फ्लो मीटरवाल्या गाडीत ब्लो-ऑफ (पाय उचलल्यावर साठलेला बूस्ट सोडणारी झडप) हवेत सोडलात तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं) आणि गाडी गिअर बदलताना अडखळते. बूस्ट कमी वाटतोय म्हणून बूस्ट कंट्रोलर पिळण्याआधी लीक टेस्ट करा, दहातले आठ वेळा एखादा क्लॅम्पच सुटलेला असतो.

पहिल्या स्टार्टला घाई नको. फीडच्या भोकात थोडं ऑइल ओता, व्हील हाताने फिरवा, फ्युएल आणि इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा. ड्रेनमधून ऑइल येताना दिसलं की मगच होज जोडून स्टार्ट करायची, आणि रेस न करता आयडलवर राहू द्यायची, मित्र बाजूला उभे राहून कितीही "दाब ना" म्हणू देत. इंजिन पूर्ण थंड झालं की मॅनिफोल्डचे नट परत एकदा पाना लावून बघा, पहिल्या तापण्यानंतर एखादा तरी ढिला सापडतोच.