रवांडातल्या '७० टक्के बायका': लघुप्रबंधात हा आकडा टाकण्याआधी

एम.ए.च्या लघुप्रबंधाला युद्ध किंवा नरसंहार हा विषय घेतला असेल, तर संदर्भ कसे द्यायचे हे तुम्हाला येतंच. मी एकाच आकड्याबद्दल लिहितेय, कारण त्याने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात तुत्सी लोकांचा नरसंहार झाला. त्यानंतर देशाच्या उरलेल्या लोकसंख्येत ७० टक्के बायका होत्या, हे वाक्य जिकडेतिकडे सापडतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी त्याचा माग काढत होते. एक लेख दुसऱ्या अहवालाकडे बोट दाखवतो, तो अहवाल तिसऱ्याकडे, आणि मोजलं कुणी ते कुणीच सांगत नाही. दहा जणांनी लिहिलं म्हणजे दहा पुरावे झाले, असं धरून चालू नका. फसायला होतं ते इथेच.

कागद घ्या. १९९१ च्या जनगणनेत रवांडाची लोकसंख्या साधारण ७१ लाख होती आणि जवळपास निम्मी माणसं पंधरा वर्षांखालची. शंभर जण धरा. त्यात पन्नास मुलं, म्हणजे मुली पंचवीसच्या आसपास. एकूण सत्तर व्हायला उरलेल्या पन्नास मोठ्यांत पंचेचाळीस बायका लागतील. रविवार कारंजावर भर बाजारात उभं राहून डोळ्यांसमोर आणा: दर दहा मोठ्या माणसांत एकच पुरुष, आणि तेही देशभर. मारल्या गेलेल्यांत बायका-मुलंही होती. सीमेपार गेलेली सुमारे २० लाख माणसंही कुटुंबकबिल्यासकट गेली होती. मग हे प्रमाण येणार कुठून? २००२ च्या जनगणनेत लोकसंख्या ८१ लाखांवर होती आणि बायका ५२ टक्क्यांच्या थोड्या वर.

"सगळेच लिहितात, राहू दे," असं सांगणारे गाईड भेटतील. त्यांचं ऐकू नका. नेटवरून तयार संदर्भयादी उचलणं तर त्याहून वाईट. रवांडाच्या सांख्यिकी संस्थेचे तक्ते उघडा. पहिल्यांदा काही कळत नाही, रडू येतं. तरी चिकटून राहा, चारपाच दिवसांत नजर बसते.

एक गोष्ट मात्र प्रबंधात ठळक लिहा: आकड्यावर शंका म्हणजे नरसंहारावर शंका नव्हे. साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली, आणि ते नाकारणारे आजही आहेत. त्यांच्या हाती तुमचं वाक्य लागेल असं मोघम लिहू नका.

आणि या आकड्याने नुकसान होतं. "पुरुषच उरले नाहीत म्हणून बायका संसदेत गेल्या" असं सोपं उत्तर मिळतं. २००३ च्या राज्यघटनेतलं ३० टक्के आरक्षण, तिथल्या महिला संघटनांची मेहनत, २००८ मध्ये कनिष्ठ सभागृहात मिळालेलं बहुमत, हे सगळं त्याखाली झाकलं जातं. मला याचाच जास्त राग येतो.

तोंडी परीक्षेत "मग खरा आकडा किती?" असं विचारतीलच. घाबरू नका. १९९४ साली जनगणना झाली नव्हती हे सरळ सांगा, २००२ चा तक्ता पुढे करा आणि शंभर माणसांचं गणित तिथेच मांडून दाखवा.