क्लोन केलेल्या दोन व्हीएमना एकच आयपी: माझा अनुभव

उबुंटू सर्व्हरची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात चालणारा आभासी संगणक) नीट बसवली आणि तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढला. दोन्ही एकत्र चालू केल्या की एसएसएच (दुरून लॉगिन करायची जोडणी) मध्येच तुटायचं. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पाहिला, तर दोघींचा शेवटचा आकडा 105.

क्लोनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा पत्ता) बदलला, होस्टनेम (मशीनचं नाव) बदललं, राउटर रीस्टार्ट केला. फरक शून्य. दोन संध्याकाळी यात गेल्या, अगदी वैताग आला.

अडचणीचं मूळ मशीन-आयडीत, म्हणजे सिस्टमच्या स्वतःच्या ओळख क्रमांकात होतं. इथलं नेटवर्क सिस्टमडी-नेटवर्कडी हा प्रोग्राम सांभाळतो आणि डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) ओळख म्हणून मॅक न देता या आयडीवरून बनवलेला क्रमांक देतो. क्लोनमध्ये तो 32 अक्षरी आयडी जसाच्या तसा उतरतो.

हे फक्त क्लोनमध्ये करा. आधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून ट्रंकेट कमांडने 0 बाइटची करा. फाइल डिलीट करू नका, रिकामी ठेवा. मग व्हारमधल्या लिबमधल्या डीबस फोल्डरमधली मशीन-आयडी पाहा. ती स्वतंत्र फाइल असेल तर काढून ईटीसीतल्या फाइलची सिमलिंक (त्या फाइलकडे नेणारा दुवा) ठेवा, नाहीतर जुनाच आयडी परत येतो. शेवटी रीबूट. नवा आयडी आपोआप तयार होतो.

क्लोनला लगेच 106 मिळाला.