ओंडका मधोमध फोडू नका: पावसाळ्याआधीचं सरपण घरच्या घरी

कोणी कुऱ्हाड घेऊन ओंडक्यासमोर उभा राहिला की बघणाऱ्यांपैकी एकजण हमखास सांगतो, "जोर लाव, मधोमध घाल." ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि त्यांच्यापायी मी पहिली दोन-तीन वर्षं हातांचे पापुद्रे काढून घेतले.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. घरात गॅस आहे, तरी न्हाणीतलं पाणी भाणातच, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या हंड्यातच, तापतं आणि चतुर्थीला मागच्या दारी मोठ्या चुली पेटतात. एकदा पाऊस लागला की चार महिने सुकी काटकी मिळत नाही. म्हणून मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आधी सरपण फोडून पडवीत रचणं हे वीसेक वर्षं माझं काम आहे.

उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी काढा. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही ती लागते. इथे मी आडव्या पडलेल्या लाकडाबद्दलच बोलतो आहे.

आमच्याकडे जास्त करून काजूच येतो, उत्पन्न संपलेला किंवा वाऱ्याने पडलेला. थोडा अकेशिया, थोडा आंबा. सुरू आणि अकेशिया ओले असतानाच फोडून टाका, सुकले की दगड होतात. काजू मात्र तोंडाला चिरा पडेपर्यंत महिनाभर पडू द्यावा. ओल्या काजूच्या सालीचा चीक कातडीला लागला तर भाजल्यासारखा चट्टा उठतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि हातांना खोबरेल लावूनच सुरुवात करा. फणसाचं सरळ खोड कोणी चुलीत घालताना दिसलं तर मला वाईट वाटतं. त्याचा दरवाजा होतो. फांद्या जाळा, खोड सुताराला द्या.

हत्यारं तीनच लागतात: कुऱ्हाड, दोन पाचरी, घण. कुऱ्हाड पोटाला जाड हवी, साधारण दोन किलोची. फांद्या तोडायची पातळ कुऱ्हाड लाकडात घुसते आणि तिथेच बसते. जाड पोटाची दोन्ही बाजूंना लाकूड ढकलते, आणि फुटतं ते त्या ढकलण्याने. दांडा धामणीच्या लाकडाचा मिळाला तर दुसरा शोधू नका. तो सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. लाकूड फुगून एक दिवस घट्ट बसतं, सुकल्यावर पहिल्यापेक्षा सैल होतं. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, वरून नवी पाचर ठोका. पायात बूट घाला. चपला घालून लाकूड फोडणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतो.

करवतीने दीड-दीड फुटाचे तुकडे पाडून घ्या. लांब तुकड्यात गाठी जास्त येतात.

खाली जाड बुंध्याचा ठोकळा ठेवा, गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा. चिऱ्यावर किंवा अंगणातल्या जांभ्यावर कधीच फोडू नका, एका चुकलेल्या घावात धार जाते. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेवर ठेवा, म्हणजे कुऱ्हाड आरपार गेली तर ठोकळ्यात रुतेल, तुमच्या नडगीत नाही. पाय खांद्याएवढे फाकलेले असू द्या, आणि कुऱ्हाड खाली येताना गुडघ्यांत वाका. ताठ उभ्या माणसाची चुकलेली कुऱ्हाड गोल फिरून पायाकडे येते, वाकलेल्याची सरळ खाली जाते.

आता खरं काम. पहिली भेग.

मी सुरुवातीला बरोबर मध्यावर, अंगातला सगळा जोर काढून घाव घालत असे. धप्प आवाज यायचा आणि कुऱ्हाड चार बोटं आत जाऊन बसायची. वर ओढा, हलत नाही. बाजूला हलवा, दांडा करकरतो. एकदा वैतागून मी रुतलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण घातला. दुसऱ्या की तिसऱ्या ठोक्याला पोलादाची कपची उडाली आणि डाव्या डोळ्याखाली, बोटभर अंतरावर, गालात शिरली. ती डॉक्टरांकडे जाऊन काढावी लागली. कुऱ्हाडीची पाठ ठोकण्यासाठी नसते, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. तिच्यावर घण घातला की नेढं पसरतं, दांडा कायमचा सैल होतो, आणि लोखंडावर लोखंड आपटून काय उडेल ते कोणाच्या हातात नसतं.

त्या वर्षी आमच्याकडे मदतीला आलेल्या एका वयस्कर काकांनी मला थांबवलं. त्यांनी कुऱ्हाड उचललीच नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरचा भुसा तळहाताने पुसला आणि एका चिरेवरून नख फिरवलं, मध्यापासून सालीपर्यंत. मग म्हणाले, "हो आधीच फुटलेलो आसा, तू फकत वाट दाखय." म्हणजे, हा आधीच फुटलेला आहे, तू फक्त वाट दाखव.

लाकूड सुकताना वळ्यांच्या, म्हणजे खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या, दिशेने जास्त आक्रसतं. त्यामुळे तोंडावर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या चिरा पडतात. त्यातली सगळ्यात लांब चीर शोधा आणि ओंडका असा फिरवा की ती चीर तुमच्याकडून सरळ समोर जाईल. कुऱ्हाडीचं पातं त्याच रेषेत पडलं पाहिजे. चिरेला आडवा घातलेला घाव फुकट जातो, कितीही जोर लावा.

आणि घाव मध्यावर नको, कडेवर. तुमच्या बाजूच्या कडेवर, सालीपासून दोन बोटं आत. मध्यावर घातलेल्या घावाला चारही बाजूंनी लाकूड आवळून धरतं. कडेला एक बाजू मोकळी असते, म्हणून भेग लवकर उघडते. पलीकडच्या कडेवर मारायला जाऊ नका, दांडा लाकडावर आपटून मोडतो. वीतभर जाडीचा ओंडका अशा एक-दोन घावांत दुभंगतो. फूटभराहून जाड असेल तर दोन तुकडे करायचा हट्टच सोडा. कडेकडेने ढलप्या काढत गोल फिरा. शेवटी मधला गाभा उरतो, तो हातात मावेल एवढा असतो.

आवाज ऐकायला शिका. धप्प म्हणजे लाकडाने घाव गिळला. टक्क असा कोरडा, किंचित पोकळ आवाज आला की आत भेग सुरू झाली आहे, वरून दिसत नसली तरी. तिथेच, त्याच रेषेत दुसरा घाव घाला. जागा बदलणारा माणूस संध्याकाळपर्यंत ओंडक्यावर खुणा करत बसतो.

तरीही कुऱ्हाड रुतलीच, तर दांडा वर-खाली हलवा, बाजूला नाही. नाही सुटली तर भेगेत पुढे पाचर ठेवून घणाने ठोका. भेग उघडली की कुऱ्हाड आपोआप सुटते. घण पाचरीसाठीच आहे. लोखंडी पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरतं आणि कडेने मिशा फुटतात. त्या कानशीने काढून टाका, उडणाऱ्या कपच्या त्यांच्याच असतात. लाकडी पाचर वापरलीत तर ही भीतीच नाही, फक्त ती सुक्या, टणक लाकडाची हवी.

काजूत गाठी फार. गाठ ज्या टोकाला असेल ते टोक खाली ठेवा आणि वरच्या स्वच्छ टोकावर घाव घाला, भेग गाठीपर्यंत पोहोचेतो तिला वेग आलेला असतो. बेचक्याचा ओंडका उलटा उभा करा, दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून जाईल अशी रेषा धरा. पाच घावांत दाद दिली नाही तर बाजूला टाका. चतुर्थीच्या मोठ्या चुलीत तो अख्खा जातो आणि रात्रभर धुमसत राहतो. त्याच्याशी झुंजण्यात मर्दुमकी नाही, खांदा मात्र जातो.

माडाला यातलं काहीच लागू नाही. त्याला वळ्या नाहीत, मध्यातून निघणाऱ्या चिरा नाहीत, फक्त उभे धागे. बाहेरचं कवच टणक, आतला भाग भुसभुशीत. कुऱ्हाड मारत बसू नका. लांबीच्या दिशेने पाचरी ओळीने ठोकत कवचाच्या फळ्या काढा. आतला भाग सरपणाला कुचकामी, पाणी शोषून बसतो.

फोडलेलं लाकूड चार-पाच आठवडे उन्हात, मग पडवीत. खाली दोन चिरे ठेवून जमिनीपासून उचललेलं, भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे वाळवी लागत नाही आणि वारा खेळतो. ताडपत्रीने चारही बाजू गुंडाळलेलं लाकूड आत घाम सुटून कुजतं. वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. पेटवणाला सोडणं (नारळाच्या सालीचे तुकडे) आणि करवंट्या वेगळ्या कोपऱ्यात.

पाऊस लागल्यावर या राशीत विंचू येतात, फुरसं येतं, कधी घोणसही. दिवसाउजेडीच दोन दिवसांचं लाकूड न्हाणीजवळ आणून ठेवा. रात्री जावंच लागलं तर बॅटरी घ्या, राशीवर काठीने दोन-तीनदा ठोका, थोडं थांबा. लाकूड वरच्या थरातूनच उचला, फटीत बोटं घालून ओढू नका. घरातल्या मुलांना राशीपाशी एकटं पाठवायचं नाही.